चाळीस वॉटांचा मोह

हौशी रेडिओचा शंभर वॉटचा संच घेणारे बहुतेक जण त्याच्या माहितीपत्रकातल्या एका आकड्यावरून नुसती नजर फिरवतात. एसएसबीवर (सिंगल साइडबँड) १०० वॉट, मोर्सवर १०० वॉट, एफएमवर १०० वॉट आणि एएमवर मात्र ४०. काही संचांत तर २५च. ज्याला एएमवर बोलायचंच नाही त्याला या आकड्याचं सोयरसुतक नसतं. ज्याला बोलायचं असतं त्याला तो अपुरा वाटतो, आणि मग पॉवरची कळ शेवटच्या खुणेपर्यंत फिरवली जाते. एएमवर कानी पडणाऱ्या पुष्कळशा घुसमटलेल्या, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारख्या आवाजांचं मूळ कळीच्या त्या शेवटच्या वळणात असतं. पुढे मायक्रोफोन बदलले जातात, इक्वलायझर येतो, कॉम्प्रेसर येतो, खिसा हलका होतो आणि आवाज होता तसाच राहतो. कारण आवाज संचात शिरतो तेव्हा धडधाकट असतो. बाहेर पडताना त्याचं डोकं छताला आपटतं. एएमचा आवाज सुधारायचा तर आधी कॅरिअर कमी करावा लागतो, बाकी सगळं त्यानंतर, हे या लेखाचं म्हणणं आहे. ते ऐकायला उलटं वाटतं, म्हणून त्याचा हिशेब मांडायला हवा.

त्याआधी एक गैरसमज दूर करू. ‘एएम म्हणजे खरखर, तिथे आवाजाच्या दर्जाची काय कथा’ असं सर्रास म्हटलं जातं. मराठी माणसाला तरी हे म्हणायचा अधिकार नाही. मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं तेव्हापासून आपल्या घराघरांत पोचलेल्या बातम्या, कीर्तनं, नाट्यपदं आणि शास्त्रीय मैफिली बव्हंशी मध्यम लहरींवरून, म्हणजे एएमवरूनच आल्या. मुंबईच्या ५५८ किलोहर्ट्झवर लागलेल्या रेडिओत गायकाच्या मागचा तंबोराही ओळखू यायचा. आपल्याकडे मध्यम लहरींवरच्या दोन वाहिन्यांमध्ये ९ किलोहर्ट्झचं अंतर धरलेलं असतं, म्हणजे शेजाऱ्याच्या अंगणात पाय न टाकता प्रत्येकीच्या वाट्याला आवाजाचे साडेचार किलोहर्ट्झ येतात. तेवढ्यात हे सगळं मावत होतं. खरखर ही वाटेत चिकटणारी गोष्ट आहे: आकाशातली वीज, शेजारची ट्यूबलाइट, हल्लीचे स्वस्त चार्जर आणि एलईडी दिवे. घुसमट मात्र जन्मस्थानीच होते. खरखरीवर बोलणाऱ्याचा इलाज चालत नाही, घुसमटीवर पूर्ण चालतो. आणि या दोन तक्रारी एकाच पिशवीत घातल्यामुळे दुसरीकडे दुर्लक्ष होतं.

आता हिशेब. एएममध्ये संच एक अखंड लहर पाठवत राहतो, तिला कॅरिअर म्हणतात. बोलणारा गप्प असला तरी ती चालू असते. बोलू लागला की आवाजाच्या लयीत तिची उंची वरखाली होते, आणि ऐकणाऱ्याचा रेडिओ त्या चढउताराची बाह्यरेषा पकडून तिचा पुन्हा आवाज करतो. आवाज पूर्ण ताकदीने, म्हणजे शंभर टक्के मॉड्युलेशनने, चढवला तर लहर खालच्या टोकाला शून्यावर टेकते आणि वरच्या टोकाला दुप्पट उंच होते. शक्ती उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून उंची दुप्पट तर क्षणिक शक्ती चौपट. सगळी गोम या ‘चौपट’ शब्दात आहे. संचाचा शेवटचा टप्पा शिखरावर १०० वॉट झेपवणारा असेल तर शांत अवस्थेतला कॅरिअर २५ वॉटच असायला हवा. मग आवाजाच्या शिखराला १०० वॉटांपर्यंत मोकळं आकाश मिळतं. कॅरिअर ४० वॉट ठेवला आणि छत १०० वॉटांवरच राहिलं, तर वर जायला फक्त अडीचपट जागा उरते. अडीचचं वर्गमूळ १.५८, म्हणजे मॉड्युलेशन ५८ टक्क्यांना अडतं. त्यापुढे बोलणारा कितीही ओरडला तरी लाटांचे माथे सपाट होतात.

आवाज प्रत्यक्षात वाहून नेणारे असतात ते कॅरिअरच्या दोन बाजूंचे साइडबँड. कॅरिअरमध्ये माहिती शून्य. पालखीचे भोई आणि पालखीतला देव यांच्यात जितका फरक तितका त्यांच्यात. एकाच सुराने शंभर टक्के मॉड्युलेशन केलं तर एकूण शक्तीचा दोन तृतीयांश भाग कॅरिअर खातो, उरलेला एक तृतीयांश दोन साइडबँड वाटून घेतात. सूत्र सोपं आहे: कॅरिअरची शक्ती गुणिले मॉड्युलेशनचा वर्ग, भागिले दोन. ४० वॉटांचा कॅरिअर ५८ टक्क्यांवर अडला तर साइडबँडची शक्ती येते सुमारे ६.७ वॉट. २५ वॉटांचा कॅरिअर पूर्ण शंभर टक्क्यांपर्यंत गेला तर ती येते १२.५ वॉट. कॅरिअर एक तृतीयांशाहून जास्त उतरवला आणि आवाज वाहणारी शक्ती जवळजवळ दुप्पट झाली, तीही माथे न छाटता. ऐकणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर कॅरिअर ४० वरून २५ वर आल्याने सिग्नल दोन डेसिबलने घटतो. सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या एस-मीटरवरचा एक अंक सहा डेसिबलचा मानतात, म्हणजे काटा एक तृतीयांश अंकाने खाली येईल, आणि पट्टीवर तो फरक दिसलाच तर तो शोधावा लागेल. कमी शक्तीमुळे आवाज पोचणार नाही, हा सर्वांत पहिला आणि सर्वांत लोकप्रिय आक्षेप इथेच गळून पडतो.

छताला डोकं लागतं तेव्हा आजच्या संचात आणखी एक प्रकार घडतो. शेवटच्या टप्प्यावर ताण येऊ नये म्हणून एएलसी नावाची एक रखवालदार यंत्रणा असते. शिखर ठरलेल्या मर्यादेपुढे गेलं की ती सगळ्या संचाचा लगाम खेचते. एसएसबीसाठी ती उत्तम, कारण तिथे शांततेत काहीच जात नसतं. एएममध्ये लगाम खेचला की आवाजाबरोबर कॅरिअरही खाली बसतो, आणि लगाम सुटायला थोडा वेळ लागत असल्याने दोन शब्दांच्या मधल्या फटीत तो पुन्हा हळूहळू वर येतो. ऐकणाऱ्याला हा प्रकार श्वास घेतल्यासारखा जाणवतो: शब्दांवर आवाज दबतो, थांबल्यावर मागची पंख्याची घरघर उचलून धरली जाते. संच बनवणाऱ्यांना हे ठाऊक नाही असं नाही. केनवुडच्या टीएस-५९०एस या संचात आणि २०१६ मध्ये आलेल्या आयकॉमच्या आयसी-७३०० मध्ये एएमची कमाल मर्यादाच २५ वॉट आहे, तर आयकॉमच्याच जुन्या आयसी-७१८ मध्ये कळ ४० पर्यंत जाते. ४० हा आकडा लिहिलेला असला म्हणून तो वापरलाच पाहिजे असं नाही. मोटारीच्या स्पीडोमीटरवर १८० लिहिलेलं असतंच.

मग उतरत उतरत किती खाली यायचं? पाच वॉट ठेवून आवाज पूर्ण सोडला तर साइडबँड आणखी सरस होतील का? अमेरिकेतल्या सिटिझन बँडवर, जिथे कायद्याने एएमचा कॅरिअर ४ वॉटांपुरताच आहे, काही जणांनी हा खेळ खेळून पाहिला: शांततेत मीटरचा काटा तळाशी, बोललं की एकदम उसळी. ही अतिरेकाची दुसरी बाजू आहे. लहर वर कितीही जाऊ शकते, खाली मात्र शून्यापलीकडे जागा नाही. त्याखाली ढकलली तर जुन्या व्हॉल्व्हच्या संचात कॅरिअर तुटून बँडभर ठिणग्या उडतात. कमी शक्तीवर मॉड्युलेशन करून मग ते वाढवणाऱ्या आजच्या संचात बाह्यरेषा तळाशी उलटी दुमडते आणि ऐकणाऱ्याच्या रेडिओतून कर्कश फाटका आवाज निघतो. म्हणून खालच्या बाजूला ९०-९५ टक्क्यांवर थांबणं शहाणपणाचं. वरच्या बाजूला मात्र थोडी उदारता परवडते. माणसाचा, विशेषतः पुरुषाचा, आवाज मुळातच एकांगी असतो: त्याच्या लहरीची एका बाजूची टोकं दुसरीपेक्षा बरीच उंच असतात. ही उंच बाजू वर येईल अशी मायक्रोफोनची जोडणी ठेवली तर खाली शून्याला न शिवता वर शंभर टक्क्यांपलीकडे जाता येतं. अमेरिकेतल्या प्रसारण केंद्रांना वरच्या बाजूला १२५ टक्क्यांपर्यंत मुभा आहे ती याच कारणाने. आपल्या शंभर वॉटच्या संचात कॅरिअर २० वॉट ठेवला तर वर १२३ टक्क्यांपर्यंत वाट मोकळी होते. जोडणीतल्या दोन तारांची अदलाबदल, खर्च शून्य, आणि उलट्या बाजूने लावलेल्या तारांमुळे तेवढाच आवाज खालच्या टोकाला आपटत होता हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं.

एवढं सगळं करण्यापेक्षा एएम सोडूनच का देऊ नये, हा आक्षेप जास्त गंभीर आहे. रेजिनाल्ड फेसेंडेन यांनी डिसेंबर १९०० मध्ये मेरिलँडमधल्या कॉब बेटावर सुमारे दीड किलोमीटर अंतरावर मानवी आवाज पोचवला, तिथून एएमची वाट सुरू होते. पण १९१५ मध्येच जॉन कार्सन या अभियंत्याने दाखवून दिलं होतं की कॅरिअर आणि एक साइडबँड टाकून दिला तरी बोलणं पोचतं; हाच एसएसबी. जानेवारी १९२७ मध्ये न्यूयॉर्क-लंडन रेडिओ-टेलिफोन त्याच तत्त्वावर सुरू झाला आणि १९५०-६० च्या दशकांत हौशी मंडळीही एसएसबीकडे वळली. तेव्हापासून बाजारातल्या संचांमध्ये एएम हा पोटभाडेकरू आहे: घर एसएसबीच्या मापाने बांधलेलं, याला माळ्यावरची एक खोली. शक्तीच्या हिशेबात एसएसबीच सरस, यात वाद नाही. पण एसएसबीला एक खोड आहे. ऐकणाऱ्याचा संच ५० हर्ट्झ इकडेतिकडे लागला तर बोलणाऱ्याच्या आवाजातला प्रत्येक सूर ५० हर्ट्झने सरकतो, त्यांच्यातलं स्वरांचं नातं बिघडतं आणि माणूस ओळखीचा राहत नाही. एएममध्ये संदर्भाची लहर बरोबरच पाठवलेली असते, त्यामुळे रेडिओ थोडा इकडेतिकडे लागला तरी षड्ज षड्जच राहतो. दोन तृतीयांश शक्ती कॅरिअरवर उधळण्याचं हेच एक समर्थन आहे: पलीकडे माणूस माणसासारखा ऐकू येतो. तो तसा येत नसेल तर एएम वापरणाऱ्याने किंमत पूर्ण मोजली आणि वस्तू दुकानातच विसरली. एएम वापरावा की नाही याबद्दल मतभेद असू शकतात. वाईट एएम वापरण्याच्या बाजूने मात्र एकही युक्तिवाद सापडत नाही.

इथे तिसरा आक्षेप येतो, आणि तो संशोधनाचा आधार घेऊन येतो. बोलणं कळण्यासाठी चांगल्या आवाजाची गरजच काय? टेलिफोनने ३०० ते ३४०० हर्ट्झच्या पट्ट्यात अख्ख्या जगाचे व्यवहार चालवले. १९४८ मध्ये लिकलायडर आणि पोलॅक या दोघांनी तर बोलण्याची लहर वरखाली दोन्हीकडून इतकी छाटली की फक्त ती शून्य कधी ओलांडते एवढंच उरलं, आणि तरीही ऐकणाऱ्यांना बरेचसे शब्द कळले. छाटण्याआधी वरचे सूर उचलून धरले तर आणखी कळले. तेव्हा माथे सपाट झाले तर बिघडलं काय? या प्रयोगातून सिद्ध होतं ते एवढंच की शब्द कळणं आणि आवाज आवडणं या वेगळ्या गोष्टी आहेत. गोंगाटात क्षीण सिग्नलवर चार शब्द पोचवायचे असतील तर छाटणी कामाची, आणि तेव्हा एसएसबी अधिक कामाचा. तासभर गप्पा मारायच्या, तर छाटलेला आवाज पाचव्या मिनिटाला कानाला टोचू लागतो. शिवाय प्रयोगात छाटणी मुद्दाम, हवी तिथे, हव्या त्या क्रमाने केली होती. संचाच्या शेवटच्या टप्प्यात होणारी छाटणी सगळ्या गाळण्यांच्या पलीकडे होते. तिथे निर्माण झालेला कचरा अडवायला पुढे काही नसतं, तो थेट अँटेनावर आणि तिथून शेजाऱ्याच्या वारंवारितेवर जातो.

शब्द कळण्याचा मुद्दा भाषेनुसारही बदलतो, आणि मराठीला तो थोडा जड जातो. ‘स’ची ओळख मुख्यतः ४ किलोहर्ट्झच्या वरच्या सळसळीत असते, ‘श’ची त्याहून खाली, अडीच-तीन किलोहर्ट्झपासून. तीन किलोहर्ट्झवर कात्री चालवली की ‘श’चा खालचा भाग तरी हाती राहतो, ‘स’ जवळजवळ निघून जातो आणि ऐकणारा तो संदर्भाने भरून काढतो. आपल्याकडे त्यात ‘च’ आणि ‘ज’ची दुहेरी रूपं आहेत. ‘हे जग’ मधला ‘जग’ आणि ‘शंभर वर्षं जग’ मधला ‘जग’ लिहायला एक, उच्चारायला दोन; ‘चार’ आणि ‘चारा’ यांच्या पहिल्या अक्षरांतही तेच. हा फरक बराचसा त्या वरच्या घर्षणात आहे. माहीत असलेल्या विषयावर माहीत असलेल्या माणसाशी बोलताना काही अडत नाही, पण गावाचं अनोळखी नाव किंवा आडनाव आलं की अक्षर-अक्षर सांगत बसावं लागतं. बहुतेक तयार संचांत एएमची पाठवण्याची गाळणी साधारण ६ किलोहर्ट्झची, म्हणजे आवाज तीन किलोहर्ट्झच्या आसपास थांबतो. त्यापुढचं हवं तर ही रुंदी बदलू देणारा सॉफ्टवेअरवर चालणारा संच लागतो. पण आहे त्यातही करण्यासारखं बरंच आहे. पुरुषाच्या आवाजाचा पाया १००-१५० हर्ट्झच्या आसपास असतो. तिथे जोर सगळा आणि अर्थ थोडा. या तळाच्या लाटाच मॉड्युलेशनची बहुतेक जागा खातात आणि व्यंजनं कोपऱ्यात ढकलली जातात. ८०-१०० हर्ट्झच्या खालचं पूर्ण कापलं, ३०० पर्यंतचं किंचित उतरवलं आणि दोन-अडीच किलोहर्ट्झच्या पुढचं हलक्या हाताने उचललं, तर तेवढ्याच वॉटांत तोच माणूस समोर येऊन बसल्यासारखा होतो. आयसी-७३०० मध्ये एएमसाठी बास आणि ट्रेबलची वेगळी सोय मेन्यूत आहेच. बास वाढवून ‘रेडिओवरचा भारदस्त आवाज’ काढण्यासाठी मात्र ती नाही, जरी तिचा वापर पुष्कळदा त्यासाठीच होतो.

मायक्रोफोनची पाळी इतक्या उशिरा आली ती मुद्दाम. या छंदात मायक्रोफोनभोवती जवळजवळ देवघर मांडलं जातं. १९३३ पासून कित्येक दशकं निघालेला अ‍ॅस्टॅटिक कंपनीचा डी-१०४, काडीवरच्या गोळीसारख्या आकाराचा, अजूनही जुन्या बाजारात मान राखून आहे. त्याच्या आत रोशेल मिठाचा स्फटिक असतो. त्याला संचाचं कित्येक लाख ओहमांचं प्रवेशद्वार लागतं. आजच्या संचाच्या सहाशे ओहमांच्या तोंडाला थेट लावला तर आवाजाचा तळ गायब होतो आणि उरतो तो किनरा स्वर, ज्याला काही जण ‘काटेरी स्पष्टपणा’ समजतात. शिवाय रोशेल मिठाला दमट हवा सोसत नाही, तेव्हा कोकणपट्टीवर असा मायक्रोफोन मिरवणाऱ्याने तो पावसाळ्यात डब्यात बंद ठेवावा. त्याच्या तुलनेत किरकोळ किमतीची इलेक्ट्रेट कॅप्सूल शंभर हर्ट्झपासून दहा किलोहर्ट्झपर्यंत सरळ रेषेत ऐकते. फरक पडतो तो कॅप्सूल कुठे धरली आहे याने. फरशी, काच आणि उघड्या भिंती असलेल्या खोलीत हातभर लांब ठेवलेला मायक्रोफोन माणसाआधी खोली ऐकतो. ओंजळीच्या अंतरावर, तोंडाच्या थेट समोर न धरता किंचित बाजूला धरला तर श्वासाचे फटके चुकतात आणि खोली मागे सरते. मात्र एकाच दिशेने ऐकणारे मायक्रोफोन जवळ आले की तळाचे सूर फुगवतात, ते मग उतरवावे लागतात. छताचा पंखा बंद करणं हा आपल्या हवामानात कठोर उपाय आहे, पण कॉम्प्रेसर वापरायचा असेल तर अटळ: कॉम्प्रेसर दोन शब्दांमधल्या शांततेला उचलतो, आणि आपल्या घरात त्या शांततेत पंखा, कुकर, रिक्षा आणि खुद्द संचाला थंडावा देणारा छोटा पंखा असतो. प्रसारण केंद्रंही कॉम्प्रेसर वापरतातच की, असं म्हणता येईल. वापरतात, पण बंदिस्त स्टुडिओत, सौम्य कॉम्प्रेसरनंतर कडक लिमिटर लावून, आणि त्या लिमिटरची मर्यादा ट्रान्समीटरच्या छताशी जुळवून. छत न मोजता कॉम्प्रेसर लावणं म्हणजे त्याच छतावर जास्त वेळा डोकं आपटणं.

शेजाऱ्यांचा आक्षेप अजून बाकी आहे. भारतात ४० मीटरच्या पट्ट्यात हौशी केंद्रांना ७००० ते ७२०० किलोहर्ट्झ, म्हणजे एकूण २०० किलोहर्ट्झ मिळतात. त्यात तीन किलोहर्ट्झच्या एसएसबीच्या शेजारी सहा-आठ किलोहर्ट्झ व्यापणारा एएम उभा राहिला की ‘एकटा माणूस दोन खुर्च्यांवर’ अशी कुरकुर होणारच. अमेरिकेत ही कुरकुर नियामकांपर्यंत गेली होती: एसएसबीला २.८ आणि एएमला ५.६ किलोहर्ट्झची सक्त मर्यादा घालावी अशी मागणी तिथल्या संचार आयोगाकडे झाली, आणि २००४ मध्ये आयोगाने ती फेटाळली. तिथला नियम आकडा सांगत नाही. माहिती वाहायला लागेल त्याहून जास्त रुंदी व्यापू नये, चांगल्या हौशी रिवाजाला धरून वागावं, एवढंच म्हणतो. व्यवहारात तिथली एएम मंडळी ३८८५ आणि ७२९० किलोहर्ट्झसारख्या ठरावीक ठिकाणी जमतात, म्हणजे कुणाच्या अंगणात तंबू पडत नाही. कुरकूर करणाऱ्यांची अर्धी बाजू खरी आहे: गर्दीच्या संध्याकाळी पाच किलोहर्ट्झचा आवाज पाठवणं हा उद्धटपणाच. पण ज्या एएममुळे त्यांना प्रत्यक्ष त्रास होतो तो बहुधा रुंद आवाजाचा एएम नसतो, छाटलेल्या आवाजाचा असतो. चार किलोहर्ट्झपर्यंतचा स्वच्छ आवाज आठ किलोहर्ट्झमध्ये राहतो आणि तिथेच संपतो. अडीच किलोहर्ट्झचा आवाज छताला आपटत पाठवला तर कागदावर पाच, आणि प्रत्यक्षात त्याचे तुकडे कितीतरी दूर सांडतात. कॅरिअर कमी करण्याचा सल्ला शेजारधर्मालाही धरून आहे.

ऐकणाऱ्याचाच रेडिओ अरुंद असेल तर हे कष्ट कुणासाठी, असंही विचारलं जातं. रात्रीच्या वेळी आकाशातून परावर्तित होऊन येणाऱ्या सिग्नलमध्ये कधी नेमका कॅरिअरच क्षीण होतो आणि साइडबँड शाबूत राहतात; तेव्हा उत्तमातला उत्तम एएमही काही क्षण फाटतो, त्यावर पाठवणाऱ्याकडे उपाय नाही. साध्या डायोडच्या डिटेक्टरलाही खोल मॉड्युलेशन नीट झेपत नाही, म्हणून तर तळाला थोडी जागा सोडायची. पण अरुंद रेडिओ आवाजाचे वरचे सूर कापतो, छाटलेले माथे परत उगवून देत नाही. माथे छाटल्याने जन्मलेले खोटे सूर ऐकण्याच्या पट्ट्यातही पडतात आणि त्या अरुंद रेडिओतूनही ऐकू येतात. वाईट रेडिओ चांगल्या आवाजाला थोडा कमी चांगला करतो. वाईट आवाजाला कुठलाच रेडिओ सुधारत नाही.

राहता राहिलं मोजमाप, आणि इथे हौशी रेडिओची जुनी सवय आड येते. १९३४ पासून रूढ असलेल्या आरएसटी पद्धतीत पहिला अंक किती कळतं याचा, दुसरा सिग्नल किती जोरदार याचा आणि तिसरा सूर किती शुद्ध याचा. हा तिसरा अंक मोर्ससाठी. बोलण्यात तो गळतो आणि उरतं ‘फाइव्ह नाइन’. म्हणजे माणसाचा आवाज कसा येतोय याला या पद्धतीत जागाच नाही. ‘मॉड्युलेशन एकदम छान आहे, ओल्ड मॅन’ हे सौजन्य झालं, मापन नव्हे. संचावरचा मीटरही फसवतो. शुद्ध मॉड्युलेशनमध्ये लहर जितकी वर जाते तितकीच खाली येते, तेव्हा सरासरी दाखवणारा मीटर बोलताना फारसा हलत नाही, आणि एसएसबीच्या नाचणाऱ्या काट्याची सवय झालेला माणूस ‘आवाज जातच नाही’ म्हणून मायक्रोफोनचा गेन वाढवत सुटतो. अँटेनाऐवजी लावलेल्या डमी लोडवर कॅरिअर २० किंवा २५ वॉट ठेवावा, एएलसीचा काटा जागचा हलणार नाही इथपर्यंतच गेन चढवावा, आणि शक्य असेल तर ऑसिलोस्कोपवर लहरीची बाह्यरेषा पाहावी: वरचे माथे गोल, तळाच्या फटी मिटण्याच्या बेतात पण न मिटलेल्या. स्कोप नसेल तर पलीकडच्याला दोन गोष्टी मागाव्यात. एक, मिनिटभराचं रेकॉर्डिंग. स्वतःचा आवाज ऐकून माणसाला सौजन्य दाखवता येत नाही. आणि दुसरी, अंकांऐवजी एका प्रश्नाचं उत्तर. कॅरिअर स्थिर असेल तर पलीकडचा एस-मीटर, बोलणं चालू असो वा नसो, एका जागी उभा राहतो. तेव्हा ‘रिपोर्ट काय?’ असं न विचारता विचारावं: मी बोलत असताना तुमचा काटा खाली जातो का?